दुःख दूर करण्याची युक्ती : बगदाद ते गिरणगाव

आपल्या घरांत 'फिकर' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद कुणी केलेली नाही. मुलाच्या नोकरीची फिकर, मुलीच्या स्थळाची फिकर, भाड्याच्या खोलीचा करार संपत आल्याची फिकर, आखातात गेलेल्या धन्याचा दोन दिवस फोन आला नाही म्हणून फिकर. मदनपुऱ्यातली खोली असो, परळ-लालबागची चाळ असो की रत्नागिरीकडचे गाव असो, जिवाला लागलेला घोर सगळीकडे सारखाच. त्यावर वडीलधाऱ्यांकडून मिळणारे उत्तरही ठरलेले असते : सब्र करा, अल्लाहवर सोपवा. हे उत्तर खोटे नाही. पण पुष्कळदा ते पुढचे बोलणे थांबवण्यासाठी दिले जाते. ज्याला रात्र रात्र झोप लागत नाही, ज्याची छाती विनाकारण धडधडते, त्याला मग आपले ईमानच कमी पडते आहे असे वाटू लागते. मूळच्या काळजीत अपराधीपणाची भर पडते आणि तो माणूस बोलायचाच बंद होतो.

सब्र आणि तवक्कुल या दोन शब्दांचा आपल्या पूर्वजांनी एवढाच अर्थ घेतला होता काय? इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. बगदादच्या विद्वानांनी बाराशे वर्षांपूर्वी काळजी आणि दुःख यांचा विचार एखाद्या आजारासारखा केला, त्याची कारणे शोधली आणि उपाय लिहून ठेवले. त्यातले काही उपाय त्यांनी ग्रीकांकडून घेतले होते, आणि तसे घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हा विचार पुढे फारसीतून हिंदुस्थानात आला आणि दुसऱ्या वाटेने, अगदी अलीकडे, मराठीतही आला. त्याची कसोटी पाहायची तर आपल्या मुंबईइतके चांगले ठिकाण सापडणार नाही.

रिवाकातले लोक

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास झेनो नावाचा सायप्रस बेटावरचा एक माणूस अथेन्समध्ये शिकवू लागला. तो व्यापारी होता आणि त्याचे गलबत बुडाले होते, असे जुने चरित्रकार सांगतात. त्याला स्वतःची शाळा नव्हती. बाजारालगतच्या एका चित्रांनी सजवलेल्या पडवीत तो बसे. पडवीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून त्याच्या अनुयायांना स्टोइक हे नाव पडले. अरबांनी या शब्दाचे सरळ भाषांतर केले. पडवीला अरबीत 'रिवाक' म्हणतात, म्हणून स्टोइक म्हणजे 'रिवाकी'. उर्दूतही हाच शब्द रूढ आहे.

या पंथाचे पुढचे दोन मोठे आचार्य म्हणजे एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस. पहिला जन्माने गुलाम आणि पायाने अधू, दुसरा (१२१ ते १८०) रोमचा सम्राट. गुलाम आणि सम्राट या दोघांनाही एकच शिकवण पुरली, याचे अनेकांना आजही नवल वाटते. एपिक्टेटसच्या सांगण्याचा गाभा थोडक्यात असा : काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपले विचार, आपली इच्छा, आपला प्रयत्न हे आपले. शरीर, मालमत्ता, लौकिक, दुसऱ्याचे वागणे हे पूर्णपणे आपले नव्हे. माणूस बेचैन होतो तो हाताबाहेरच्या गोष्टी हातातल्या समजल्यामुळे. घटना घडते आणि आपण तिच्याविषयी काहीतरी ठरवतो, आणि आपल्याला छळते ते मुख्यतः हे ठरवणे.

किंदीचे पत्र

नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे होत होती. या कामाच्या केंद्रस्थानी अबू यूसुफ याकूब अल्-किंदी (निधन सुमारे ८७०) हा विद्वान होता. गणित, वैद्यक, संगीत, ज्योतिष अशा कितीतरी विषयांवर त्याने लिहिले. 'अरबांचा फिलसूफ' अशी त्याची ख्याती झाली. त्याचे एक छोटे पत्र आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'दुःखे दूर करण्याच्या युक्तीविषयी' असा होतो. किंदीने वापरलेला शब्द 'हीला' म्हणजे युक्ती, तोड. दुःख ही सहन करत बसण्याचीच गोष्ट आहे असे मानणारा लेखक हा शब्द वापरणार नाही.

किंदी आधी दुःखाची व्याख्या करतो. जे आवडते ते हरवले, किंवा जे हवे ते मिळाले नाही, की मनाला होणारी पीडा म्हणजे दुःख. मग तो विचारतो, आवडते सगळे कायम राहील आणि हवे ते सगळे मिळेल, असे या नाशवंत जगात कुणाच्या वाट्याला आले आहे काय? ज्याला तसे हवे आहे तो निसर्गात नसलेली गोष्ट मागतो आहे. आपल्याजवळचे सारे उसने आहे. देणाऱ्याने ते केव्हाही आणि कुणाच्याही हातून परत मागवावे. उसने परत करताना रडणारा माणूस कृतघ्न ठरतो.

पत्रात एक जहाजाची गोष्टही येते. जहाज किनाऱ्याला लागते, प्रवासी थोड्या वेळासाठी उतरतात. काही जण काम उरकून लगेच परततात आणि ऐसपैस जागा पटकावतात. काही जण फुले, शिंपले, रंगीत दगड गोळा करत बसतात आणि ओझ्यासकट अडचणीच्या जागेत कसेबसे मावतात. काही जण रानात इतके रमतात की कप्तानाची हाक त्यांच्या कानावर पडत नाही आणि जहाज निघून जाते. या गोष्टीचे मूळ एपिक्टेटसमध्ये आहे. किंदीने त्याचे नाव घेतलेले नाही, पण ती फुलवून सांगितली. दुनिया म्हणजे मुसाफिरखाना ही आपल्या घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट त्याच्या वाचकांनाही परकी वाटली नसणार.

या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र जहाजाच्या गोष्टीत नाही. किंदी दुःखी माणसाला काही प्रश्न विचारायला लावतो. हे दुःख माझ्या कृतीमुळे आले आहे की दुसऱ्याच्या? माझ्या कृतीमुळे असेल तर ती कृती मी थांबवली पाहिजे. दुसऱ्याच्या कृतीमुळे असेल तर ती रोखणे माझ्या हातात आहे की नाही? हातात असेल तर रडत न बसता ती रोखली पाहिजे. हातात नसेल, तर ती घडण्याआधीच दुःख करण्यात अर्थ नाही, कारण कदाचित ती घडणारही नाही. या क्रमाकडे नीट पाहावे. सहन करण्याचा सल्ला यात सर्वांत शेवटी येतो. त्याआधी दोन वेळा कृती करण्याचा सल्ला आहे. आपण मात्र पुष्कळदा पहिले दोन प्रश्न गाळून थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो आणि त्यालाच सब्र म्हणतो.

चरित्रकार सांगतात की खलिफा मुतवक्किलच्या काळात दरबारी प्रतिस्पर्ध्यांच्या कारस्थानामुळे खुद्द किंदीचे ग्रंथालय जप्त झाले होते आणि पुढे ते त्याला परत मिळाले. उसन्याविषयी लिहिणाऱ्या माणसाला उसने हातचे जाणे म्हणजे काय ते ठाऊक होते.

बल्खीची औषधाची पेटी

किंदीचा एक शिष्य अबू झैद अल्-बल्खी (निधन ९३४) हा आज प्रामुख्याने भूगोलकार म्हणून ओळखला जातो. पण शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्याने एक ग्रंथ लिहिला, आणि मनाच्या आजारांसाठी त्यात स्वतंत्र भाग ठेवला. क्रोध, भीती, दुःख आणि वसवसा म्हणजे मनात पुन्हा पुन्हा येणारे छळणारे विचार, यांचा त्याने वेगवेगळा विचार केला. वैद्य शरीरावर पुष्कळ लिहितात पण मनाकडे दुर्लक्ष करतात, अशी त्याची तक्रार होती. अकराशे वर्षांनंतरही ती जुनी झालेली नाही.

बल्खीचे तीन मुद्दे इथे नोंदवण्याजोगे आहेत. पहिला असा की, जसे आपण अचानक दुखणे उद्भवले तर म्हणून घरात औषधे ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले, धीर देणारे विचार जमवून ठेवावेत. घोर लागल्यावर ते नव्याने सुचत नाहीत. दुसरा मुद्दा असा की दुःख दोन प्रकारचे असते. एकाचे कारण माणसाला माहीत असते. दुसऱ्याचे कारण सांगता येत नाही. त्याचे मूळ बल्खी शरीरातल्या, रक्तातल्या बिघाडात पाहतो आणि त्यावर शरीराचा उपचारही सुचवतो. आजच्या वैद्यकाची भाषा निराळी आहे, पण नुसत्या उपदेशाने न हटणारी एक उदासी असते आणि तिला वैद्यच लागतो, हे त्याने ओळखले होते. तिसरा मुद्दा असा की वसवसा असलेल्या माणसाने एकटे राहू नये. एकांत अशा विचारांना खतपाणी घालतो.

असा त्रास विद्वानांनाही होतो, हे लपवून ठेवण्याची त्या काळी रीत नव्हती. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक होते. १०९५ मध्ये त्यांची वाचा बंद झाली, घास गिळेना, हकिमांनी हात टेकले. त्यांनी पद सोडले, शहर सोडले आणि पुढे आपल्या आत्मकथनात हे सारे मोकळेपणाने लिहिले. त्यांच्या ईमानावर त्यासाठी कुणी शंका घेतली नाही. उलट पुढच्या पिढ्यांनी त्यांना 'हुज्जतुल इस्लाम' म्हटले.

फारसीतून हिंदुस्थानात

किंदीचे विचार मिस्कवैह (निधन १०३०) याने आपल्या नीतिविषयक अरबी ग्रंथात घेतले. त्यावरून नसिरुद्दीन तूसी याने १२३५ मध्ये फारसीत 'अखलाके नासिरी' लिहिला. हिंदुस्थानात या ग्रंथाला मोठा मान होता. अकबर बादशहाला जे ग्रंथ वाचून दाखवले जात, त्यांत अबुल फझल याने त्याची नोंद केली आहे. फारसी शिकणाऱ्या हिंदू-मुस्लिम कारकुनांच्या आणि सरदारांच्या पिढ्या तो वाचत आल्या. म्हणजे अथेन्सच्या पडवीतला विचार मराठी मुलखातल्या फारसीदान माणसापर्यंत पोचायला इंग्रजांची वाट पाहावी लागली नव्हती.

मराठीत याच्या शेजारी ठेवावे असे नाव श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे. ते सूफी परंपरेतले आणि मराठी संतपरंपरेतलेही. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचे नाव 'योगसंग्राम'. लढाई आहे ती बाहेरच्या शत्रूशी नव्हे, मनातल्या विकारांशी. शेख महंमदांनी ग्रीकांना वाचले होते असे मला म्हणायचे नाही. मनाचा बंदोबस्त हे रोजच्या सरावाचे काम आहे, ही जाण मात्र आपल्या भाषेतल्या मुसलमान कवीकडे होती, एवढे त्यातून स्पष्ट होते.

प्लेगची मुंबई

आता मुंबईकडे येऊ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. सव्वाआठ लाखांच्या या शहरातून पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली. मागे राहिलेल्यांना दोन भये होती : एक रोगाचे, दुसरे सरकारच्या उपायांचे. घरे उघडली जात, सामान जाळले जात असे, रोग्याला ओढून इस्पितळात नेले जाई. बायकांना परपुरुषाने तपासण्याचा प्रश्न तर होताच. आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशा अफवा गिरणगावात पसरल्या आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या इस्पितळावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली आणि ती शहरभर पसरली.

या प्रसंगी मुसलमानांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा होता. मृत्यू तकदिरीत लिहिलेला असेल तर लस कशाला आणि पळायचे कशाला? हाच प्रश्न ६३९ च्या सुमारास हजरत उमर (र.अ.) यांच्यापुढे आला होता. ते शामच्या, म्हणजे सीरियाच्या, वाटेवर असताना तिकडे साथ असल्याचे कळले आणि त्यांनी माघारी फिरायचे ठरवले. अल्लाहच्या तकदिरीपासून पळता काय, असे अबू उबैदा (र.अ.) यांनी विचारले, तेव्हा आपण एका तकदिरीतून दुसऱ्या तकदिरीकडेच जात आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. वर दाखलाही दिला : दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल तर उंट कुठे चारशील? दोन्हीकडे चारणे तकदिरीतच आहे, पण निवड तुझी आहे. तवक्कुलचा याहून स्वच्छ अर्थ क्वचितच सांगितला गेला असेल.

मुंबईत हा अर्थ आचरणात आलेला दिसतो तो हाफकिन यांच्या लशीच्या वेळी. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक साशंक होते. तेव्हा खोजा जमातीचे इमाम सुलतान मुहंमद शाह आगा खान, वय जेमतेम विशीचे, यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली माझगावची खुशरू लॉज ही वास्तू दिली आणि आपल्या अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. पुढे हजारो खोजांनी ती घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

या घटनेकडे किंदीच्या प्रश्नांमधून पाहावे. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग हाताबाहेरचा होता. १८९७ च्या जानेवारीनंतर तो थोडा हातात आला. म्हणजे हातातले आणि हाताबाहेरचे यांमधली रेघ कायमची आखलेली नसते. ज्ञानाने आणि धाडसाने ती सरकते. आपल्या वस्तीची भीती कमी करण्यासाठी तरुण इमामाने प्रवचने देण्यापेक्षा आपला दंड पुढे केला, हे महत्त्वाचे. सरकारलाही धडा मिळाला. दंगलींनंतर सक्ती सैल झाली, निरनिराळ्या जमातींना आपापली इस्पितळे चालवू देण्यात आली. ओळखीची माणसे आसपास आहेत म्हटल्यावर रोग्याची निम्मी धास्ती जात असे. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगावकडून डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याचीच कामे. त्याने गरिबांची जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, ही टीकाही तितकीच खरी आहे. रेघ सरकते तेव्हा ती कुणाच्या बाजूने सरकते, हेही पाहावे लागते.

गिरणगावाचा आक्षेप

इथे या विचारावरचा सर्वांत मोठा आक्षेप पुढे येतो. गुलामाला मन शांत ठेव म्हणून सांगणे हे मालकाच्याच सोयीचे नाही काय? स्टोइकांनी गुलामांना माणूस मानले, पण गुलामगिरी बंद करा अशी मागणी केली नाही. हा दोष त्यांच्या पदरात टाकावाच लागतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. परळ, लालबाग, शिवडी, भायखळा इथल्या चाळींत पगार येणे थांबले. गिरण्यांच्या विणकाम खात्यांत मुसलमान विणकरांची जुनी परंपरा होती. त्यांच्या घरांतही तेच झाले. कुणी गावी गेले, कुणी हातगाडी लावली, कुणी दारूच्या नादी लागले. बायकांनी खानावळी चालवल्या, घरकामे धरली. हा संप अधिकृतपणे मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्या कामगाराला झोप येत नव्हती, ती त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीमुळे नव्हे. त्याला मन सावरायला सांगणे पुरेसे नव्हते.

१९९२-९३ च्या दंगलींविषयीही हेच म्हणावे लागेल. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मरण पावली, त्यांपैकी ५७५ मुसलमान होती. त्यानंतर अनेक कुटुंबे मिश्र वस्ती सोडून आपल्या माणसांत राहायला गेली. नाव ऐकून घर नाकारले जाण्याची भीती आजही आपल्या तरुणांच्या मनात असते. ही भीती मनाचा खेळ आहे असे म्हणणे हा अन्याय होईल.

पण किंदीचा क्रम आठवला तर आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. दुसऱ्याची कृती रोखणे शक्य असेल तर ती रोखा, असे तो आधी सांगतो. एका माणसाच्या हाताबाहेरचे असते ते पुष्कळदा शंभर जणांच्या हातात असते. गिरणी कामगारांनी गेलेल्या नोकऱ्या परत मिळवल्या नाहीत. मात्र गिरण्यांच्या जमिनीवर घरांचा हक्क मागत ते वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले आणि २०१२ मध्ये म्हाडाने त्यांच्या घरांची पहिली सोडत काढली. मिळालेली घरे मागणीच्या मानाने थोडी आहेत. तरीही रेघ सरकली. ती सरकवणारी माणसे तीस वर्षे टिकली कशी, हा प्रश्न विचारला की सब्र या शब्दाला त्याचे खरे वजन येते. सब्र म्हणजे टिकून राहणे. जे बदलायचे आहे ते बदलेपर्यंत आतून मोडून न पडणे.

मुराकबा आणि श्वास

हे टिकून राहणे कशाने साधते? नुसता विचार पुरत नाही, सराव लागतो. रोमचा सेनेका रोज रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराच्या वागण्याचा हिशेब घेत असे. किंदीच्याच काळात, त्याच बगदादमध्ये, हारिस अल्-मुहासिबी (निधन ८५७) हे सूफी होऊन गेले. स्वतःचा हिशेब घेणे म्हणजे 'मुहासबा', त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. दुसरा शब्द 'मुराकबा'. पहारा देणे, लक्ष ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. गझालींनी 'इह्या'मध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. मुंबईत बंदराच्या आणि गिरण्यांच्या वस्तीत सूफी बुजुर्गांच्या खानकाही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माझगावात हबीब अली शाह या चिश्ती बुजुर्गांभोवती कष्टकरी मुसलमान जमत. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला जिक्रची बैठक म्हणजे श्वास घ्यायची जागा असणार.

ध्यानाच्या इतिहासात मुंबईची आणखी एक नोंद आहे. ब्रह्मदेशात वाढलेले उद्योगपती सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होते. त्यापायी ते १९५५ मध्ये रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. १९६९ मध्ये आईच्या आजारपणामुळे ते भारतात आले आणि ३ जुलै १९६९ रोजी मुंबईच्या पंचायती वाडी धर्मशाळेत त्यांनी भारतातले पहिले शिबिर घेतले. त्यात त्यांच्या आईवडिलांसह मोजकीच माणसे होती. पुढे १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. श्वासाकडे आणि शरीरातल्या संवेदनांकडे प्रतिक्रिया न देता पाहणे, हे या साधनेचे सूत्र. मुराकब्यात मन अल्लाहकडे लागलेले असते, विपश्यनेत तसे नाही. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकण्याचे कारण नाही. तरी उसळलेल्या विचारापासून चार पावले मागे सरकून त्याच्याकडे पाहण्याची सवय दोन्हींत आहे.

इथे बल्खीचा इशारा विसरता कामा नये. ज्याचे मन फारच बिघडले आहे त्याला एकांत आणि मौन मानवतेच असे नाही. म्हणूनच विपश्यनेच्या प्रवेशअर्जातही मानसिक आजाराची चौकशी केलेली असते.

परतीचा रस्ता

आता दुसरी वाट पाहू. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी एक नवी मानसोपचार पद्धती मांडली. तिचे एक मूळ आपण एपिक्टेटसमध्ये शोधले, असे ते स्वतः सांगत. घटना, तिच्याविषयीचा आपला दृष्टिकोन आणि त्यातून येणारी भावना अशा तीन पायऱ्या त्यांनी दाखवल्या. घटना बदलता येत नसेल तेव्हा मधली पायरी तपासायची. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी कित्येक वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत इथे शिकवली. अंजली जोशी यांचे 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक मराठी वाचकांना ठाऊक आहे. परळच्या केईएममध्ये मानसोपचार शिकलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि या विचाराला साध्या मराठीत घरोघर नेले.

मराठीत ही पद्धत समजावताना एका अक्षराचा फार उपयोग होतो. ते अक्षर म्हणजे 'च'. मुलाला नोकरी लागावी ही इच्छा झाली. ती लागलीच पाहिजे, नाही तर सगळे संपले, हा हट्ट झाला. इच्छा पुरी न झाली तर वाईट वाटते. हट्ट पुरा न झाला तर माणूस कोसळतो. निसर्गात नसलेली गोष्ट मागू नका, असे किंदी म्हणाला तेव्हा त्याचे बोट याच 'च'वर होते. म्हणजे परळच्या बाह्यरुग्ण विभागात आज जे सांगितले जाते, त्याचा मोठा भाग आपल्याच घरच्या जुन्या ग्रंथांत आहे. तिकडे जाण्यात परकेपणा वाटायचे कारण नाही.

आपल्या मोहल्ल्यांत मात्र अजून काय होते? मुलगी बोलेनाशी झाली की आधी आमिलाकडे नेतात, मग दर्ग्यावर, आणि वर्षभराने डॉक्टरकडे. दुआ जरूर करावी. तिने मनाला बळ येते. पण दुआ करत करतच इस्पितळात जाता येते. हजरत उमर (र.अ.) यांनी दुआ आणि उपाय यांत भांडण लावले नव्हते. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून दोनदा जरी इमामसाहेबांनी बल्खीचा आणि गझालींचा दाखला देऊन सांगितले की मनाचा आजार हा गुनाह नाही, तर कित्येक घरांतली कोंडी फुटेल. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. मशिदीच्या आणि जमातखान्याच्या फलकावर हा क्रमांक लिहायला खर्च येत नाही.

घरात कुणी फिकर बोलून दाखवली तर सब्र करा म्हणण्यापूर्वी किंदीचे प्रश्न विचारून पाहावेत. हे तुझ्या हातातले आहे काय? नसेल तर आपण सगळे मिळून ते हातात येईल काय? डॉक्टर, वकील, युनियन, जमात, शेजारी यांपैकी कुणाची मदत लागेल? हे सगळे करून झाल्यावर जे उरेल ते अल्लाहवर सोपवावे. तेव्हा ते सोपवणेही हलक्या मनाने होते, कारण आपल्या वाट्याचे काम आपण उरकलेले असते.